चिठ्ठीत निघालेला रंग

डोळे मिटा आणि समजा, डुकराचं एक पिल्लू तुमच्या हातांत धडपडतं आहे. अंगाला दुधाचा वास, कान पातळ, पायांना पळायची घाई. आता ते पोटाशी घट्ट धरा. सन्नाने तसंच धरलं होतं. आजोबांनी आपली काळी टोपी उलटी करून तिच्यापुढे धरली.

"काढ चिठ्ठी."

चिठ्ठीवर निळी रेघ होती. कप्प्यातलं हे सगळ्यात मरतुकडं पिल्लू तिनेच बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. आजोबांनी त्याच्या पाठीवर निळा खडू ओढला आणि तिने त्याला खाली सोडलं.

पिल्लांना आज आईपासून तोडायचं होतं. निळ्यांना नेहमीसारखी आजच खोकल्याची लस. लालांना तीच लस, पण नव्या शेडमध्ये रुळल्यावर.

सासकॅचवानच्या माळावरच्या त्या कॉलनीत एकाच पंथाची कुटुंबं सगळं सामाईक ठेवून राहत, आणि तिथला डुकरांचा कारभार आजोबांकडे होता. गेले दोन हिवाळे नव्या शेडमध्ये गेलेली पिल्लं वाळत होती. आईपाशी गुबगुबीत असलेलं पिल्लू पांढरंफटक पडायचं, पाठीचा कणा वर यायचा आणि एका सकाळी ते उठायचंच नाही. डॉक्टर म्हणाले होते, विषाणू आहे, आणि त्याच्यावरची लस अजून निघालेली नाही.

आजोबांचा पुतण्या डरायस सिरिंज उकळत होता.

"फेटर, आपल्याकडे मध आला तरी घराघरांत सारखा वाटतात," तो म्हणाला. काकाला ते लोक फेटर म्हणतात. "आणि इथे अर्ध्यांना एक न्याय, अर्ध्यांना दुसरा. धर्मगुरूंना कळलं तर रविवारी प्रार्थनेला शिक्षा म्हणून दारापाशी बसवतील तुम्हाला."

"बसेन. तिथे वारा चांगला लागतो."

सन्ना हसली नाही. "आजोबा, लस तर चांगली असते ना?"

"चांगलीच. ती दिली नाही तर खोकला अर्धी शेड नेईल. पण हे बघ. अंगात पहारेकरी असतात. लस म्हणजे घंटा. घंटा वाजली की नवे पहारेकरी कामाला लागतात, त्यांच्यासाठी नव्या खोल्या उघडतात. हा विषाणू मोठा लबाड, तो पहारेकऱ्यांच्याच खोल्यांत लपतो. जितक्या खोल्या जास्त, तितकी त्याची चंगळ. मला वाटतं, आई सुटते त्याच दिवशी आपण घंटा वाजवतो, तिथे चुकतं."

"मग सगळ्यांनाच लाल करा."

"आणि सगळी जगली तर? हिवाळा सौम्य होता म्हणून जगली, की दिवस बदलला म्हणून? मला कसं कळणार? माझा अंदाज चुकीचाही असेल, सन्ना. दोन हिवाळे मी अंदाजावरच काढले. आता मला कळायला हवं."

जेवणाची घंटा झाली. सगळे जेवून परतले, तेव्हा पिल्लं एकमेकांवर चढून लोळत होती. डरायसने एकेक निळं उचलून लस टोचायला सुरुवात केली. मग त्याने मरतुकड्याला उचललं आणि थांबला. घासून घासून पिल्लाची पाठ कोरी झाली होती.

"फेटर, याचा रंग कुठला?"

"सकाळपासून रेघाच ओढतोय, मला कुठलं आठवायला. सन्नाला विचार." आजोबांनी दोन्ही खडू भिंतीच्या कडेवर ठेवले आणि ते लसीची नवी बाटली आणायला गेले.

डरायसने पिल्लू सन्नाच्या हातात दिलं. आवाज खाली आणून म्हणाला, "लाल असेल. एकाने काय होतंय? मी नाही काही बोलणार."

वसंतात कॉलनीची वाटणी झाली होती, अर्ध्या कुटुंबांनी नव्या जागी जायचं होतं, तेव्हा सगळ्याच कुटुंबांनी सामान बांधलं होतं. सन्नाचं खोकं एका गाडीत, तिची मैत्रीण यूडिट हिचं दुसरीत. कोणी जायचं आणि कोणी राहायचं ते सकाळी चिठ्ठीने ठरलं. सन्नाचं खोकं उतरवलं गेलं. यूडिटची गाडी सुरू झाली. बायका रुमालाच्या टोकाने डोळे पुसत होत्या, पण चिठ्ठी पुन्हा काढू या, असं कुणीही म्हणालं नव्हतं.

पिल्लाने तिच्या कोपरात तोंड खुपसलं.

सन्नाने हात लांब केला, निळा खडू घेतला आणि कोऱ्या पाठीवर रेघ ओढली. ती पुसट वाटली, म्हणून तिच्यावरून पुन्हा एकदा, दाबून ओढली. मग पिल्लाला पोटाशी घट्ट धरून तिने त्याचा कान बाजूला केला आणि त्याची मान सुईसाठी डरायसकडे वळवली.