नोएलीनच्या पडद्यावरचा जांभळा डाग

मर्डो गिल्फेडर अठ्ठावन्न वर्षांचा, त्याची बायको नोएलीन पंचावन्नची, आणि लग्नाला तीस वर्षं झालेली. ह्या वयात हा गृहस्थ बायकोवर संशय घेईल असं न्यूझीलंडच्या दक्षिण टोकावरच्या इन्व्हरकार्गिलमध्ये कुणाला वाटलं नसतं. पण मर्डोला त्यासाठी बशीएवढा एक डाग पुरला.

डाग नोएलीनच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर होता. डाव्या कडेला, मधे जांभळा आणि भोवती हिरवट. जुलैतल्या त्या गुरुवारी मर्डो दुकान बंद करून घरी आला तेव्हा नोएलीन स्वयंपाकघरात होती, आणि इनडोअर बोल्स ह्या जाजमावर चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या क्लबचं जे बातमीपत्र ती टाइप करायची, ते पडद्यावर तसंच उघडं राहिलं होतं.

दुसऱ्या कुणी फडकं घेऊन पडदा पुसला असता. मर्डोनं डाग ओळखला, कारण त्याचा धंदाच तो. गेल्या तीन वर्षांत घरोघरी त्या काळचे फुगीर काचेच्या पडद्याचे कॉम्प्युटर आले, लोकांनी आपले जुने स्पीकर त्याच्या दोन्ही बाजूंना उभे केले, आणि स्पीकरमधल्या लोहचुंबकानं पडद्यावरचे रंग नासवले. मग लोक मर्डोकडे येत. तो स्पीकरच्या चुंबकाच्या पाठीला दुसरं चुंबक उलटं चिकटवून देई, म्हणजे पहिल्याला ढकलणारं. दोघांचा जोर एकमेकांत जिरतो आणि पडद्याला त्रास होत नाही. मात्र ती दोन चुंबकं एकमेकांना अशी रेटतात, की गोंद पक्का होईपर्यंत क्लॅम्पमध्ये आवळून ठेवावी लागतात, पुरे चोवीस तास.

आता हा डाग. त्याच्या शेजारीच, वीतभर अंतरावर, मर्डोनं स्वतः तयार केलेला स्पीकर उभा होता. त्याच्याकडे मर्डोनं ढुंकूनही पाहिलं नाही. तो त्याच्या हातचा होता ना! म्हणजे कुणीतरी बाहेरून उघड्या चुंबकाचा स्पीकर इथे आणला, वाजवला आणि परत नेला. चुंबक गेलं तरी डाग मागे राहतो, हे त्या कुणालातरी ठाऊक नसावं.

तो स्वयंपाकघरात गेला. सिंकमध्ये दोन कप होते.

"कोण आलं होतं?"

"रेक्स. बोल्सचे निकाल द्यायला. दर गुरुवारी येतोच की."

"चीज रोल पण चेपले वाटतं त्यानं?"

"दोन खाल्ले. आता मोजून ठेवणार आहेस का?"

रेक्स ट्वीडी! मर्डोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रेक्स टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, बायको जाऊन चार वर्षं झालेली, आणि डोक्यावरचे केस एकूण एक शाबूत. क्लबात तो हाउजीचे आकडे पुकारू लागला की बायकांची विणकामं थांबत. आणि त्याच्या घरी कपाटाएवढे दोन इंग्लिश स्पीकर होते. "माझ्याकडे कॉम्प्युटरच नाही, मग तुझं चुंबक कशाला लावू?" असं म्हणून त्यानं मर्डोला एकदा वाटेला लावलं होतं. उघडी चुंबकं! मर्डोला आणखी पुरावा नको होता.

त्यानं पडद्याखालचं, चुंबकाचा असर उतरवायचं बटण दाबलं. धप्प आवाज झाला, चित्र थरथरलं आणि डाग बराचसा विरला. मर्डोचा संशय काही विरेना. आठवडाभर रेक्सचा तो आकडे पुकारणारा आवाज त्याच्या मनात घुमत राहिला. पुढच्या गुरुवारी नोएलीन वाणसामानाला गेली तेव्हा त्यानं मुद्दाम कॉम्प्युटर लावला. डाग परत हजर.

तिसऱ्या गुरुवारी मर्डोनं दुपारी तीनलाच दुकानाला कुलूप ठोकलं. घरासमोर रेक्सची धुऊन पुसून लखलखीत गाडी उभी होती. मर्डो मागच्या दारानं आत शिरला आणि खोलीबाहेर थबकला. आतून नोएलीनचा आवाज आला, "हळू रे. मर्डोला कळता कामा नये."

"काय कळता कामा नये?" मर्डो दार ढकलून गरजला.

रेक्स गालिच्यावर गुडघे टेकून बसला होता. नोएलीन त्याच्या बाजूला वाकली होती. दोघांच्या मधे एक स्पीकर आडवा पडला होता.

"कुठे आहेत तुझे स्पीकर?" मर्डोनं विचारलं. "दर गुरुवारी माझ्या बायकोला गाणी ऐकवतोस ते?"

"माझे?" रेक्स म्हणाला. "अरे बाबा, एकेक तीस किलोचा आहे. माझी कंबर बघ आणि मग बोल."

"मग हा डाग कुठून येतो?"

नोएलीन उठली. तिनं आडवा स्पीकर उचलून टेबलावर पडद्याशेजारी ठेवला. मर्डोच्या डोळ्यांदेखत जांभळा डाग पसरला. तिनं स्पीकर खाली ठेवला आणि बटण दाबलं. डाग साफ. तिनं परत ठेवला. परत डाग.

"हा तुझाच आहे मर्डो," ती म्हणाली.

"शक्यच नाही."

"बघ! म्हणूनच नाही सांगितलं. एप्रिलपासून चाललंय हे. गुरुवारी कामाला बसले की हा खाली काढते, बटण दाबते, आणि तू यायच्या आत जागेवर ठेवते. बटण रेक्सनं दाखवलं."

"मला का नाही विचारलंस?"

"तुला? दर रविवारी चर्चच्या दारात तू लोकांना ऐकवतोस, गिल्फेडरनं लावलेलं चुंबक गिल्फेडर मेल्यावरही सुटायचं नाही. मागे तू छप्पर दुरुस्त केलंस. ते गळतंय म्हटलं तर तीन दिवस तोंड फुगवून बसलास. अजून गळतंय ते. मी माळ्यावर बादली लपवून ठेवलीये."

बायकोचं रेक्सवर प्रेम आहे असं ती म्हणाली असती, तर मर्डोपाशी दोन आठवडे घोकलेली उत्तरं तयार होती. पण तिला मनातलं बोलायला माणूस हवा होता आणि तो रेक्स निघाला. हे जास्त झोंबलं.

त्यानं स्पीकरचे स्क्रू काढले. गोंद सुटला होता. मागचं चुंबक निसटून, पलटी खाऊन, सुलट्या बाजूनं पहिल्याला घट्ट बिलगून बसलं होतं. म्हणजे जोर कमी व्हायचा सोडून वाढलाच. मर्डोला सगळं आठवलं. शेतकी प्रदर्शनाची घाई होती, जोड्या दोन आणि क्लॅम्प एक. चोवीस तास ठेवायचा तो त्यानं पाच तासांत काढला होता.

"माझ्या गाडीत मोठा क्लॅम्प आहे," रेक्स म्हणाला. "आज ते चुंबकच परत बसवणार होतो आम्ही."

नोएलीननं गोंद लावला. मर्डोनं दोन्ही हातांनी चुंबक उलट्या बाजूनं दाबून धरलं. ते निसटायला बघत होतं. रेक्स क्लॅम्प पिळत गेला, आणि पिळता पिळता त्यानं सहज विचारलं, "पण सुटलं कसं रे हे? तुझं काम तर पक्कं असतं."

"माझं चुकलं," मर्डो म्हणाला. "क्लॅम्प लवकर काढला मी."

"होतं असं," रेक्स म्हणाला, आणि त्यानं शेवटचा पिळा दिला.

नोएलीननं गोंदाची नळी खाली ठेवली आणि ती खोलीतून निघून गेली.

रेक्सची गाडी गेल्यावर मर्डो स्वयंपाकघरात आला. आता सगळं मिटलं अशी त्याची समजूत होती. नोएलीन त्याच्याकडे पाठ करून चीज रोल भाजत होती.

"तीस वर्षं," ती म्हणाली. "तीस वर्षं मी तुझ्या तोंडून तेवढे दोन शब्द ऐकायची वाट बघतेय. आणि बोललास कुणाला, तर रेक्सला!"

थट्टा असेल म्हणून तो हसणार होता. तेवढ्यात ती वळली. तिचा चेहरा त्यानं ओळखला, कारण गेले दोन आठवडे दाढी करताना तो आरशात तोच चेहरा बघत होता.

तो बाहेर जाऊन शिडी घेऊन आला.

"नोएलीन," तो म्हणाला, "ती बादली माळ्यावर नेमकी कुठे ठेवलीयेस?"