‘विशेष सूचना’चा रकाना

‘विशेष सूचना’ या रकान्यात ताईनं ‘काही नाही’ असं लिहिलं, खाली सही ठोकली आणि पेनाला टोपण लावून टाकलं.

शेजारच्या खुर्चीत तिच्या जागी जाणारी नवी मुलगी बसली होती. कडक इस्त्रीचा निळा कोट, पायात पांढरे बूट, मांडीवर डब्याची पिशवी. कागद आपण घ्यायचा की ऑफिसातल्या मॅडमनी दिल्यावर घ्यायचा, हे तिला कळत नव्हतं. तिनं मान वाकडी करून रकाना वाचला.

“खरंच काही नाही, ताई?”

“औषधं लिहिलीत, पथ्य लिहिलंय, आंघोळीची वेळ लिहिलीय. आणखी काय हवं?”

“नाही, तीन वर्षं होतात तुम्ही तिथं, म्हणून विचारलं.”

तीन वर्षं होते म्हणूनच तर निघालेय, असं ताईच्या अगदी ओठांवर आलं होतं. घरी जाऊन म्हाताऱ्या-आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या या संस्थेचा नियमच तसा होता. एका घरात एका बाईनं तीन वर्षांच्या वर राहायचं नाही. मन गुंतलं की काम बिघडतं, असं मॅडमचं म्हणणं. चार्ज द्यायचा, किल्ली द्यायची, फोनमधला नंबर मॅडमच्या समोर पुसायचा आणि त्या घरातलं जे काही कळलं असेल ते तिथंच सोडून यायचं. ताईनं नंबर पुसला. तो तिला तोंडपाठ होता, हा भाग वेगळा.

आणि काही नाही कसं? होतं की. चांगलं मोठं होतं.

ज्यांच्या घराचा हा चार्ज होता, त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. वय त्र्याऐंशी. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. डोक्याला पट्टा, कानाला यंत्र, समोर वायरींचं जंजाळ, आणि गावभरच्या माणसांचं बोलणं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जोडून द्यायचं काम. त्या कामानं बाईंचा डावा कान पार गेला होता. हे ना डॉक्टरला ठाऊक, ना परगावच्या मुलाला. बाई ते अशा काही झाकत की बोलायची सोय नाही. खुर्ची डाव्या बाजूनं भिंतीला टेकवलेली. पलंगही तसाच. समोरचा काही बोलू लागला की मान किंचित वळवायची, पाहणाऱ्याला वाटावं, किती लक्ष देऊन ऐकतायत!

ताईला तो उलगडा दुसऱ्या वर्षी झाला, आणि तोही बाईंनी आपण होऊन सांगितला म्हणून.

“लिहू नकोस हं कुठं,” बाई म्हणाल्या होत्या. “फाईलची नक्कल दर महिन्याला त्याच्याकडे जाते. तो टपूनच बसलाय. आणखी एक काही बिघडलं की घराला कुलूप आणि मी त्याच्याकडे. चांगला आहे गं माझा मुलगा. पण तिथं मी पाहुणी.”

ताईनं शब्द दिला होता आणि पाळलाही होता. मॅडम नेहमी बजावत, की माणसाच्या जिवाशी गाठ असेल अशी गोष्ट त्याला विचारून, त्याला चालेल त्या भाषेत लिहायचीच. विचारायला ताईला कोणी अडवलं नव्हतं. शेवटच्या दिवशी बाईंच्या उजव्या हाताला बसून तिनं दोन तास गप्पा मारल्या, डोळे पुसले, पण तेवढं विचारलं नाही. शब्द दिलाय ना, मग झालं, असं ती स्वतःला सांगत राहिली. खरी गोष्ट अशी होती, की या पांढऱ्या बुटांच्या पोरीच्या हातात बाई अशा आयत्या पडाव्यात, हे तिला बघवत नव्हतं. आपण एकेक गोष्ट मिळवायला वर्षं घालवली. हिला ती कागदावर मिळणार, तीही पहिल्या दिवशी?

दर शुक्रवारी सगळ्याजणी आठवड्याचे कागद जमा करायला ऑफिसात येत. पहिल्याच शुक्रवारी नवी ताईला गाठून बाजूला घेऊन गेली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

“बाई मला सारख्या दचकतात हो, ताई. काल मी शाल द्यायला गेले तर हातातला कप सुटला. कोटावर सगळी कॉफी. चुकतंय का माझं काही?”

“होईल सवय.”

“तुम्हाला असं व्हायचं?”

“छे! मला नाही कधी.”

यात खोटं काही नव्हतं. ताई घरी गेली ती जवळजवळ गाणं गुणगुणत. मग रात्री जेवताना तिला तो कप आठवला. कॉफी गरम असणार. बाईंच्या हातावर सांडली असती तर? तरीही पुढच्या शुक्रवारी ती काही बोलली नाही. नवीनं सांगितलं, की खोलीत उजेड यावा म्हणून तिनं खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि बाई तिच्यावर केवढ्यांदा तरी ओरडल्या. ताईनं कपाळाला आठी घातली आणि सहानुभूतीनं मान हलवली. इतकी छान हलवली, की नवीनं तिचा हातच धरला.

तिसऱ्या शुक्रवारी नवी आली नाही. चौथ्या शुक्रवारी आली ती हसतच.

“काय गं, आता दचकत नाहीत वाटतं?” ताईनं आपण होऊन विचारलं.

“नाही. छान चाललंय. हल्ली तर दुपारी एक्स्चेंजच्या गोष्टी सांगत बसतात. हसून हसून पुरेवाट होते.”

“कुठली सांगितली? लग्न मोडणाऱ्या फोनची?”

नवी अगदी अदबीनं म्हणाली, “ते आता कसं सांगू, ताई? त्यांच्या खाजगीतलं ना ते.”

ताईचा असा तिळपापड झाला की विचारू नका. तीन वर्षं ज्या घरात ऊठबस केली त्या घरातलं खाजगी ही कालची पोर माझ्यापासून राखणार! नियमानं तिचं चुकत नव्हतं, हेच जास्त झोंबलं. तिच्या नव्या घरी एक निवृत्त बँकवाले काका होते. ते दिवसभर टीव्हीवर बातम्या बघत आणि दिवसातून तीनदा ‘थँक्यू’ म्हणत. त्या दिवशी ताईनं त्यांची पालेभाजी अशी काही निवडली, की काकांनी आवाज कमी करून विचारलं, “काही झालंय का?”

बाईंनी तिलाही सांगितलं असणार. कानाचं. आणखी कशानं एवढं जमेल? मलाच तेवढं सांगितलं होतं, असं मी इतके दिवस समजत होते. ताई रोज उठून हाच विचार कुरतडत बसे.

आणि मग एका मंगळवारी सकाळी मॅडमचा फोन आला. नवीच्या लेकराला ताप होता. काकांकडे दुसऱ्या कुणाला पाठवते, आजच्या दिवस बाईंकडे जाल का? नियमात बसत नाही, पण अडचण आहे.

ताईनं केस दोनदा विंचरले.

दार उघडं होतं. खुर्ची होती तिथंच, भिंतीला लागून. ताई उजव्या बाजूनं पुढे झाली आणि बाईंनी दोन्ही हात पसरले.

“आलीस! वाळलीस गं. खायला घालत नाहीत का तुझे ते काका?”

“काका कसले घालतायत? मीच त्यांना घालते.”

बाई खळखळून हसल्या. ताईला वाटलं, जिंकलं. पण ते वाटणं फार टिकलं नाही. औषधाच्या डब्या नव्या पद्धतीनं लावलेल्या होत्या आणि ती पद्धत चांगली होती. बाईंची नखं नीट कापलेली होती. बोलता बोलता बाई दोनदा ‘ती म्हणते’ असं म्हणाल्या.

बाई आंघोळीनंतर जरा आडव्या झाल्या, तशी ताईनं घरातली लाल फाईल काढली. रोजचं काय ते यातच लिहायचं असे. कामाचं काही बघायचं नव्हतं, तिला तो कान शोधायचा होता. कुठं लिहिला असेल, तर सरळ मॅडमकडे जायचं, असंही मनाशी ठरवून झालं होतं.

सतरा तारखेच्या पानावर, नवीच्या गोल गोल अक्षरात, एक ओळ होती: ‘बाईंशी बोलताना व हात लावताना नेहमी उजव्या बाजूने जावे.’ बस. कान नाही, कारण नाही. मुलानं नक्कल वाचली तरी त्याला त्यात काही सापडलं नसतं.

ताई ती ओळ वाचत उभीच राहिली. एवढंच लिहायचं होतं. एका ओळीचं काम. शब्दही मोडला नसता आणि कपही पडला नसता.

“वाचलीस का ती ओळ? मला विचारून लिहिलीय तिनं.” मागून बाईंचा आवाज आला. त्या उठून बसल्या होत्या. “इकडे ये. बस. मला तुला कधीची एक गोष्ट सांगायचीय.”

ताई पलंगाच्या उजव्या कडेला टेकली.

“पहिले काही दिवस फार वाईट गेले बघ. मला वाटलं, ही मला विसरली. जाताना त्या पोरीला एका शब्दानं सांगितलं नाही. रागही आला तुझा. मग एक दिवस ती बरोबर उजवीकडूनच यायला लागली. मी विचारलं, तुला कोणी शिकवलं हे? तर म्हणाली, ताईंनी. चार्ज देताना त्यांनी बजावलंय, उजवीकडूनच जायचं. का ते मात्र सांगितलं नाही, म्हणाली.” बाईंनी ताईच्या हातावर हात ठेवला. “किती बरं वाटलं म्हणून सांगू! कळवलंस, पण माझं झाकलंसही. तुझ्याशिवाय कुणाला सुचलं असतं हे?”

‘मी नाही,’ असं सांगायला ताईनं तोंड उघडलं. मी एक अक्षर बोलले नव्हते, बाई, उलट तुम्ही दचकताय याचा मला आनंद झाला होता. पण मग बाई विचारतील, तू नाही तर कोणी? आणि त्यांना कळेल, की त्या पोरीनं दहा-पंधरा दिवसांत सगळं ओळखलं. इतकी वर्षं जे कुणाला दिसू दिलं नाही ते परक्या मुलीला नुसतं बघून दिसलं, हे ऐकल्यावर त्या कुणासमोर मान ताठ करून बसल्या असत्या?

म्हणजे खरं बोलायची वाटही नवीनं बंद करून ठेवली होती. आणि वर हे बक्षीस ताईच्या पदरात टाकून गेली होती. याहून चपराक मारली असती तर परवडलं असतं.

“त्यात काय एवढं, बाई,” ताई म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

संध्याकाळी निघायच्या वेळी घरातला फोन वाजला. नवीच होती.

“ताई, बाई बऱ्या आहेत ना?” मग जरा घुटमळून, “काही विचारलं का त्यांनी तुम्हाला?”

“विचारलं.”

“मग?”

“हो म्हटलं.”

पलीकडून सुटकेचा श्वास स्पष्ट ऐकू आला. “बरं झालं. मला धास्तीच लागली होती. न विचारता तुमचं नाव घेतलं मी. रागावू नका हं.”

ताईनं लेकराच्या तापाची चौकशी केली. ताप उतरला होता. आता फोन ठेवायचा, एवढंच उरलं होतं. पण तिनं ठेवला नाही.

“हे बघ,” ती एकदम म्हणाली, “केस धुताना त्यांना भीती वाटते. आधी त्यांचा हात पाण्यात बुडवू दे. पाणी कसं आहे ते त्यांचं त्यांना कळलं, की मग काही त्रास देत नाहीत. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.”

“हो का?” नवी जराशी थांबून म्हणाली. “बरं झालं सांगितलंत, ताई. आता तसंच करीन.”

फोन ठेवल्यावर ताईला खूप दिवसांनी हलकं वाटलं. ही सूचना फाईलमध्येही असावी म्हणून ती मोकळी जागा शोधत पानं मागं उलटू लागली. अकरा तारखेला तिचा हात थांबला. गोल गोल अक्षरात लिहिलं होतं: ‘आज केस धुतले. आधी हात पाण्यात घालून पाहू दिला. बाई शांत होत्या.’

ताईनं ती ओळ दोनदा वाचली.

“लबाड!” ती म्हणाली.

“कोण गं?” बाईंनी विचारलं.

ताईनं फाईल मिटून जागेवर ठेवली. मग ती वळसा घालून बाईंच्या उजव्या हाताला आली, त्यांची शाल सारखी केली.

“कुणी नाही, बाई. लेकराचा ताप उतरलाय. उद्यापासून येतेय तुमची ती.”