शंभर टक्क्यांच्या शाळेतला बाक

मी नववी 'ब'मधला शेवटचा बाक बोलतोय, आणि सकाळपासून माझं डोकं तापलंय.

उमेळे गावातल्या एका वाडीत मी आंब्याचं झाड होतो. वाडीत इमारत उठली, मी कापला गेलो. सॅन्टन सुताराने रंधा मारून मला बाकाचं रूप दिलं आणि या शाळेत धाडलं. पोरांनी माझ्यावर कर्कटकाने नावं कोरली, खाली च्युइंगगम चिकटवलं. त्याचा मला कधी राग आला नाही.

राग आला तो माझ्यावर बसणारी रचना शाळेतून गेली तेव्हा. खाडीकाठच्या काळूरामची ही पोर गणितात नापास झाली. मुख्याध्यापक सदानंद सरांनी तिच्या आईला, कमळीला, याच वर्गात बोलावलं. "हिचा दाखला घेऊन जा. दहावीला हिच्यामुळे आमचा शंभर टक्के निकाल बुडेल."

पोरीला गणित नीट शिकवावं, हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. रचना वालीवच्या कारखान्यात प्लॅस्टिकच्या झाकणांच्या कडा ब्लेडने तासायला लागली.

दोन वर्षांनी, यंदाच्या जूनमध्ये, ती आईला घेऊन परत आली. सरांनी वर्गाच्या दारातच अडवलं. "सतरा नंबरचा फॉर्म भर. घरी अभ्यास कर, बाहेरून दहावी दे."

"घरी कोण शिकवणार, सर? मला वर्गात बसायचंय."

"ही मुलं लहान आहेत. तू आता मोठी झालीस."

कमळी पुढे झाली. "कारखान्यात गेली तवा मोठी होती काय ती? तवा कोनी इचारलं नाय. आता शिकाला आली तं मोठी झाली?"

रचना सरळ आत येऊन माझ्यावर बसली. सरांनी शिपायाला मला तिच्यासकट व्हरांड्यात ओढायला लावलं. फरशीवर माझे पाय करकरले. मी मुद्दामच मोठ्याने करकरलो.

आठवडाभर ती खिडकीतून फळा बघत लिहीत राहिली. सगळे मास्तर शेजारून जायचे. एवढ्या शिकलेल्या माणसांना समोर बसलेली एक मुलगी दिसेना! शेवटी गणिताच्या ॲंजेला टीचर खडू ठेवून बाहेर आल्या.

"धर गं ते टोक," त्या रचनाला म्हणाल्या. दोघींनी मला उचलून आत आणलं.

सर तरातरा आले. "टीचर, हिच्या निकालाची जबाबदारी तुमची!"

"मग कुणाची असते, सर?" टीचर म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या.

परवा पहिली चाचणी झाली. रचना गणितात जेमतेम पास झाली. पेपर हातात घेऊन ती टीचरना म्हणाली, "कारखान्यात अजून दोघं आहेत. याच शाळेने काढलेले. त्यांनाही यायचंय."

ते दोघं, अल्पेश आणि सुरज, आज सकाळपासून फाटकाबाहेर उभे आहेत. सर आत घेत नाहीत. अहो, माझ्यावर तिघं आरामात बसतात! इथे रचना एकटी बसलीय. कुणीतरी ते फाटक उघडा!