चार बोटं माया

शिवताना कापडाच्या कडेला थोडं जास्तीचं सोडतात आणि आत दुमडून ठेवतात. पुढे कपडा तोकडा झाला की उसवून वाढवता येतो. या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं मला माहीत नाही. भेटला असता तर चांगले चार शब्द सुनावले असते, कारण त्याच्यामुळे आमच्या घरात एक आख्खा आठवडा कुणी धड हसलं नाही.

घर दोन खोल्यांचं. पुढची खोली माझी, मागची नवऱ्याची. म्हणजे पुढे शिवणयंत्र आणि मागे स्वयंपाकघर. नवरा पहाटे बेकरीत पाव भाजतो आणि दुपारी घरी येऊन पुन्हा ओव्हनसमोरच उभा राहतो, त्याला दुसरं काही सुचतच नाही. मी साधा भात लावला तरी करपतो, त्यामुळे या वाटणीवरून आमचं कधी वाजलं नाही. बाकी सगळ्यावरून वाजलं. आम्हाला मूल नाही, हेही इथेच सांगून टाकते, म्हणजे कुणी अंदाज बांधत बसायला नको.

गुंडी माझ्या नणंदेची मुलगी. बाप नाही. ताईंनी मोठ्या वयात दुसऱ्या गावी नर्सचं शिक्षण धरलं, तिथल्या वसतिगृहात मुलं चालत नव्हती, म्हणून गेल्या वर्षी लेकीला आमच्याकडे सोडलं. आली तेव्हा तिच्या सगळ्या बाह्या मनगटाच्या वर चढलेल्या होत्या. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या डब्यातलं एक बटण गिळलं. आमची पळापळ झाली, दुसऱ्या दिवशी बटण आपल्या वाटेनं बाहेर आलं आणि पोरीचं नाव गुंडी पडलं. खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपुरतं उरलं.

तिला दोन खोडी होत्या. मामानं केक ओव्हनमध्ये ठेवला की दार उघडून बघायचं, त्यामुळे आमच्याकडचा प्रत्येक केक मधोमध बसायचा. जगाला पाव खाऊ घालणाऱ्या माणसाच्या घरात वर्षभर एकही नीट फुगलेला केक झाला नाही. दुसरी खोड म्हणजे दुपारी माझ्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात शिरून झोपायचं.

त्या दुपारी मला फार आवडायच्या. खिडकीला पिवळा पडदा आहे. ऊन त्यातून आत आलं की खोली मधात बुडवून ठेवल्यासारखी दिसते. मशीनचा आवाज एका लयीत लागला की पाय आपोआप हलतात, कापड सुईखालून वाहत राहतं आणि माझं अर्धं डोकं झोपी जातं. मग मला वाटायचं, ही खोली जमिनीवर नाहीच, कुठेतरी हळूहळू चालली आहे, आणि टेबलाखालचं ते लहानसं घोरणं तिला पुढे ढकलतंय. मला कुठे पोहोचायची घाई नव्हती.

मग ताईंचा फोन आला. शिक्षण संपलं होतं. "वाढदिवसाला येते," त्या म्हणाल्या. "पुढचं मग बघू."

मग बघू. मुलगी राहणार की जाणार, हे या दोन शब्दांत कुठे बसलंय ते मी उलटून पालटून शोधलं. ताईंना सरळ विचारायचं धाडस झालं नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "अगं, आई आहे ती तिची." जसं काही मी तिला चिंध्यांत सापडलेली समजत होते.

वाढदिवसाचा फ्रॉक मात्र शिवायचा होताच. आभाळी रंगाचं कापड आणून ठेवलं होतं, नेमकं बेताचं. टेबलावर पसरलं, खडूनं रेघ मारली आणि हात थांबला. ती राहणार असेल तर खाली चांगली चार बोटं माया सोडायची, दरवर्षी थोडी थोडी उसवायची. जाणार असेल तर कुणासाठी सोडायची? ताईंना सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही.

तेवढ्यात पोस्टातल्या बाई कोट ढिला करून घ्यायला आल्या. त्यांना दुसऱ्याच्या टेबलावर काय चाललंय ते बघितल्याशिवाय राहवत नाही.

"भाचीचा का? मग माया भरपूर ठेव हो. वाढतं अंग आहे."

"नाही ठेवत," मी म्हणाले. "जायचीच असेल तर तिच्यासाठी माया ठेवून करू काय? वायाच जायची."

आणि त्याच तिरमिरीत कात्री चालवली, अगदी रेघेला धरून. घेराला जेवढं लागेल तेवढं घेतलं, उरलेल्या कापडाच्या बाह्या आणि कॉलर बेतली. आभाळी कापड संपलं. टेबलाखाली गुंडी झोपली होती. निदान मला तसं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं बटणांचा डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला. "मामी, हा तुझा आहे," म्हणाली. तो डबा वर्षभर तिच्या उशाशी होता. मला वाटलं, शहाणी झाली. मग तिनं ताटातलं न कुरकुरता संपवायला सुरुवात केली, गाजरंसुद्धा. दुपारी टेबलाखाली येईना, भिंतीला टेकून हाताची घडी घालून बसायची, पाहुण्यांकडे बसवतात तशी. ताप आहे का म्हणून मी कपाळाला हात लावला. थंड होतं.

त्याच आठवड्यात नवऱ्यानं वाढदिवसाच्या आधीचा सराव म्हणून एक केक भाजला. ओव्हनमध्ये ठेवला, गुंडीकडे बघून मुद्दाम पाठ फिरवली आणि वाट बघितली. ती जागची हलली नाही. केक फुगला. काठोकाठ, गुळगुळीत, कुठे खड्डा नाही की चीर नाही. टेबलावर ठेवून आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. वर्षात पहिल्यांदा केक जमला आणि घरात कुणालाच बरं वाटलं नाही.

संध्याकाळी तो माझ्या मशीनपाशी आला, हात पुसत. हात कोरडे असले तरी तो काही बोलायचं असलं की पुसतो.

"मघाशी पीठ कालवत होतो तेव्हा गुंडीनं मला विचारलं," तो म्हणाला. "म्हणाली, मामा, तुझ्याकडे थोडी माया आहे का? मामीची संपली."

"काय?"

"मी आधी हसलो. मग तिचं तोंड बघितलं. तिनं तुम्हा दोघींचं बोलणं ऐकलंय, पोस्टातल्या बाईंशी झालेलं."

माझा आधी संतापच झाला. पोस्टातल्या बाईंवर, ताईंच्या 'मग बघू'वर, आणि ज्यानं कुणी कापडाच्या कडेला असलं नाव दिलं त्याच्यावर तर फारच. मग मी तरातरा मागे गेले. गुंडी पायरीवर बसली होती. तिला जवळ ओढलं, तिच्याच बाहीची कड उलटी करून दाखवली.

"हे बघ वेडाबाई. ही माया. आतलं जास्तीचं कापड. त्या दिवशी मी कापडाबद्दल बोलत होते."

तिनं कडेवरून बोट फिरवलं. नीट समजून घेतलं, मान हलवली.

"म्हणजे कपडा मोठा करायला ठेवतात."

"हो."

"आणि माझ्या नव्या फ्रॉकात नाही ठेवली."

"नाही," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि बाही पुन्हा सरळ केली.

आता काय सांगायचं? शब्द तिला चुकीचा समजला होता, पण बाकी सगळं बरोबर समजलं होतं. ती जाणार म्हणून मी हात आखडता घेतला होता. तो कापडावर घेतला की आणखी कशावर, हा हिशेब मलाही नीट लावता येत नव्हता.

वाढदिवसाच्या आदल्या दुपारी फ्रॉक पुढ्यात घेऊन बसले. खालची कड उघडीच होती. आभाळी कापडाचा एक चतकोरसुद्धा उरला नव्हता. ऊन पडद्यातून आत आलं, खोली पिवळी झाली, आणि मी उठून पडदा काढला. खालून एक रुंद पट्टी कापली. विचार केला असता तर कापली नसती, चांगला पडदा होता. पट्टी फ्रॉकच्या कडेला जोडली आणि आत वळवली. एक दुमड घातली, चार बोटांची. तिच्या आत आणखी एक घातली.

मशीन चालू झालं आणि पुन्हा ते झालं. पाय माझे राहिले नाहीत. सुईखालून पिवळं कापड सरकत होतं आणि त्याच्यामागून एक मुलगी चालत येत होती. पुढचा दात पडलेली, मग दात आलेली, मग केस वाढलेली, गुडघा खरचटलेला, कुठल्यातरी मला माहीत नसलेल्या रस्त्यावर कुणाच्या तरी मागे पळणारी. ती पळत होती तसा फ्रॉक आपोआप खाली उतरत होता, आधी आभाळ, मग ऊन. तिनं एकदाही मागे वळून बघितलं नाही. मला वाईट वाटलं नाही, पळणारं पोर मागे कशाला बघेल? दोरा संपला तेव्हा जागी झाले. डोळे पुसले आणि काजं करायला घेतली.

संध्याकाळी नवरा पुढच्या खोलीत आला आणि खिडकीकडे बघत राहिला.

"पडदा तोकडा झाला की खिडकी वाढली?"

"खिडकी वाढली," मी म्हणाले. तो चहा टाकायला मागे गेला. माणूस बरा आहे तसा.

वाढदिवसाला ताई सकाळीच आल्या. अंगाला दवाखान्याच्या साबणाचा वास, हातात एक मोठी रिकामी बॅग. ती बॅग मी बघितली आणि 'मग बघू'चं उत्तर मिळालं. त्यांनी लेकीला इतकं घट्ट धरलं, की माझ्या मनात त्यांच्याबद्दल जे काही साठलं होतं ते तिथल्या तिथे निम्मं झालं. निम्मंच. राहायला खोली मिळाली, शाळा जवळ आहे, म्हणाल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "वहिनी, तुझं कसं फेडू?" मी म्हणाले, "ताई, आधी चहा घ्या."

केक ओव्हनमध्ये होता. मी गुंडीला पुढच्या खोलीत नेऊन फ्रॉक घातला. बटणं लावताना ती सरळ उभी होती, नजर समोर. मग तिचा हात खाली गेला. कड जाड लागली असणार. तिनं ती उलटली. आत पिवळं दिसलं. तिनं खिडकीकडे बघितलं, मग पुन्हा कडेकडे.

"किती आहे?"

"मोज की."

तिनं आपली चार बोटं लावली. पुरली नाहीत. शेजारी दुसरा हात लावला. मी खडू शोधायच्या निमित्तानं पाठ फिरवली. वळले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं आणि मागून ओव्हनचं दार उघडल्याचा आवाज आला.

"गुंडे, अगं!" नवरा ओरडला. असा आनंदानं ओरडलेला माणूस मी तरी बघितला नाही.

केक व्हायचा तसाच झाला. मधोमध भला मोठा खड्डा. मामानं तो जॅमनं भरला, शेजारपाजारची चिल्लीपिल्ली जमली, आणि सगळ्यांना खड्ड्यातलाच तुकडा हवा म्हणून भांडणं झाली. एका लहानग्यानं फुगा फुटला म्हणून माझ्या मांडीवर तोंड खुपसून रडून घेतलं. संध्याकाळी गुंडी गेली. बटणांचा डबा बॅगेत तिनं स्वतः ठेवला, न विचारता.

घर मोठं झालं. तोकड्या पडद्याखालून दुपारी उन्हाची एक पट्टी आत येते आणि टेबलाखाली चिंध्यांवर पडून राहते. मी तिथे झाडायला वाकते आणि बऱ्याचदा न झाडताच उठते. मशीन चालतं, पण खोली जागची हलत नाही.

गेल्या आठवड्यात अशाच एका दुपारी ताईंचा फोन आला.

"वहिनी, तिच्या फ्रॉकचं काय करू? गुडघ्याच्या वर गेलाय, आणि ती दुसरा घालायला तयार नाही. मामीला विचार, म्हणते."

"कड उलटी करा, ताई. पिवळा दोरा दिसतोय? त्याचं टोक सापडलं की हळू ओढा. घाबरू नका, फाटणार नाही."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. लांबून ताई पुटपुटत होत्या. मग दोरा सुटत गेला असावा, बारीक खरखर मला ऐकू आल्यासारखं वाटलं, किंवा मी ती डोळे मिटून मनातच ऐकली. खोली किंचित हलली.

मग पावलं धावत आली आणि फोन कुणीतरी हिसकावून घेतला. धाप लागली होती तिला.

"मामी," गुंडी म्हणाली, "काढली तरी आत अजून आहे."