फुटलेली कांडी

हात्सुमे गाईच्या शेपटीचे केस न्यायला पैदास केंद्रातली डॉक्टरीण दुसऱ्यांदा आली, तेव्हाच तेत्सुजी कुवाबारा काय ते समजला. पहिल्यांदा केस नेतात ते नियम म्हणून. दुसऱ्यांदा नेतात ते काहीतरी जुळलं नाही म्हणून.

गोठा साएको मिनोवा यांचा. वय चौऱ्याहत्तर, नवरा कानेकिची सहा वर्षांपूर्वी गेलेला, मूलबाळ नाही, गाई सहा. त्यातली हात्सुमे सर्वांत म्हातारी, पंधरा वर्षांची. तिचा गोऱ्हा केंद्राने वळू म्हणून निवडला, त्याच हिवाळ्यात कानेकिची वारला. केंद्राने वळूचं नाव ठेवलं कानेमिने. पहिला भाग नवऱ्याच्या नावातला, दुसरा वळूच्या आजोबाचा, म्हणजे हात्सुमेचा बाप मिनेरयू याचा. मिनेरयूचं नाव या डोंगराळ खोऱ्यात लोक आजही आवाज जरा खाली आणून घेतात.

कानेमिनेची चाचणी चार वर्षं चालली. त्याच्या अठरा खोंडांना सारखा चारा घालून वाढवलं, कापलं आणि मांसातली चरबीची जाळी तपासली; ती जितकी दाट, तितकं मांस मोलाचं. प्रांतात इतकी दाट जाळी आजवर कोणत्याही वळूच्या संततीत निघाली नव्हती. आता समितीची एक सही उरली होती. ती झाली की कानेमिनेचं बीज प्रांतातल्या प्रत्येक गोठ्यात जाणार होतं आणि पुढच्या दहा पिढ्यांच्या वंशपत्रिकांत कानेकिचीच्या नावाचं ते अक्षर राहणार होतं. साएकोबाईंना याहून जास्त काही नको होतं.

"परत केस?" त्या म्हणाल्या. "गाईला टक्कल पाडून सोडणार का तुम्ही?"

डॉक्टर मिझुकी तोकोनामी हसली. तिशीची, रबरी बूट घालून मोकळेपणाने शेणात उभी राहणारी मुलगी. "मागच्या वेळी पाकिटांची अदलाबदल झाली असेल, साएको-सान. चूक आमचीच असणार. सेन्सेई, जरा धरता का हिला?"

तेत्सुजीने दावं आखूड धरलं. चाळीस वर्षं तो केंद्राचं गोठवलेलं बीज घेऊन या खोऱ्यातल्या गाई भरवत आला होता. लोक त्याला मानाने सेन्सेई, म्हणजे गुरुजी म्हणत, साएकोबाई तेवढ्या तेत्सु-सान म्हणत. मिझुकीने मुळासकट दहा केस उपटले, पाकिटात घातले, मग गाईचं मुस्कट पुसून शाईचा ठसाही घेतला. हात्सुमे चार महिन्यांची कालवड असताना घेतलेल्या ठशाशी तो रेघ न् रेघ जुळला.

"गाय हीच आहे," मिझुकी म्हणाली.

"मग काय शेजाऱ्यांची बांधून ठेवलीय मी?" साएकोबाई म्हणाल्या. "चला, चहा घ्या. मुळ्याचं लोणचं या वर्षी झक्क उतरलंय. तेत्सु-सान, तुला काय वेगळं आमंत्रण देऊ?"

तेत्सुजीने काम आहे म्हणून सांगितलं. काम नव्हतं.

सोळा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी होता. मिनेरयू मरून गेला होता आणि त्याच्या गोठवलेल्या बीजाच्या उरलेल्या कांड्या, काडीएवढ्या बारीक नळ्या, केंद्र चिठ्ठ्या टाकून वाटत असे. मिनोवांच्या घराला तीन वर्षांनी चिठ्ठी लागली. एक कांडी. कानेकिचीने चिठ्ठी देवघरात ठेवली आणि गाय माजावर येण्याची वाट पाहिली. ती आली नेमकी गुडघाभर बर्फ पडलेल्या सकाळी.

तेत्सुजीने गोठ्यात द्रव नायट्रोजनचा कॅन उघडला, वाफाळत्या थंडीतून चिमट्याने कांडी काढली आणि कोमट पाण्यात सोडली. बोटं बधिर होती. थर्मामीटर पाहायला हवं होतं, त्याने ते पाहिलं नाही, नुसतं बोट बुडवलं. बधिर बोटाला पाणी कोमट वाटलं. ते कढत होतं. कांडीचं टोक फुटलं आणि पाण्यात दुधाळ धागा पसरला. कानेकिची तेव्हा घरात चहा आणायला गेला होता.

कॅनमध्ये आणखी चार कांड्या होत्या, सावाताके नावाच्या वळूच्या. तो चाचणीत नापास झाला होता. नऊ वासरांवरून त्याचा निकाल लावला होता, त्या काळी तेवढीच वासरं बघत. वळू कापला गेला होता आणि त्याच्या सगळ्या कांड्या नष्ट करण्यासाठी दुसऱ्या दिवशी केंद्रात जमा करायच्या होत्या. गाईचा माज संध्याकाळपर्यंत उतरला असता. तेत्सुजीने सावाताकेची एक कांडी काढली, या वेळी थर्मामीटर पाहिलं आणि गाय भरवली. कानेकिची चहा घेऊन आला तेव्हा तो गाय भरवल्याच्या दाखल्याला मिनेरयूची चिठ्ठी डकवत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने केंद्रात सावाताकेच्या तीन कांड्या जमा केल्या. कारकुनाने विचारलं, "चौथी?" तो म्हणाला, "फुटली." कारकुनाने तसं लिहिलं. दोन्हीकडची नोंद चोख जुळली. पुढे हात्सुमे जन्मली.

मिझुकी तिसऱ्यांदा आली तेव्हा तिने केस मागितले नाहीत. ओसरीवर गुडघे मोडून बसली आणि फाईल समोर ठेवली. साएकोबाईंनी तेत्सुजीलाही बोलावून घेतलं होतं.

"हात्सुमेचा बाप मिनेरयू नाही," मिझुकी म्हणाली. "दोनदा तपासलं. त्या वर्षांतल्या तेवीस वळूंचे नमुने आमच्याकडे आहेत, त्यांच्यातलाही कोणी नाही. बाप अज्ञात असला तर हात्सुमेची नोंदणी रद्द होते. आणि तिच्याबरोबर कानेमिनेचीही."

"रद्द म्हणजे?"

"त्याचं बीज वापरता येत नाही. नोंद नसलेला वळू केंद्र पोसत नाही."

"म्हणजे कापणार."

मिझुकीने होकाराची मान हलवली.

"अज्ञात बाप!" साएकोबाई म्हणाल्या. "म्हणजे माझी गाय बर्फातून उठून रात्रीची फिरायला गेली होती म्हणता? आसपास वळू कुठे आहे एक तरी? सगळे तुमच्या केंद्रात बांधलेले." मग त्या वळल्या. "तेत्सु-सान, तू सांग की हिला. कांडी तूच भरलीस. चिठ्ठी अजून आहे, आणू?"

"चिठ्ठी आहे, साएको-सान," तेत्सुजी म्हणाला.

"बाप नोंदणीतला कुणी निघाला तर," मिझुकी निघताना म्हणाली, "कागद दुरुस्त होतात. नाव बदलेल, पण वळू वाचेल. समितीची बैठक वीस तारखेला आहे."

हे तिने साएकोबाईंना सांगितलं होतं, पण दोन दिवस ते तेत्सुजीच्याच डोक्यात घोळत राहिलं. सावाताके नापास असला तरी नोंदणीतला होता. म्हणजे खरं बोललं तर वळू वाचत होता, आणि जाणार होता तो फक्त तेत्सुजीचा परवाना. सहासष्टाव्या वर्षी परवान्याचं तसं काय होतं? सोळा वर्षांत पहिल्यांदा त्याला हिशेब आपल्या बाजूने लागल्यासारखा वाटला. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तो केंद्रात गेला आणि मिझुकीला सगळं सांगितलं. थर्मामीटरसुद्धा.

तिने मधे एकदाही अडवलं नाही. मग आत गेली आणि बऱ्याच वेळाने जुनं रजिस्टर घेऊन आली.

"सावाताकेचं काहीच शिल्लक नाही. रक्ताचे नमुने ठेवायची पद्धत त्यानंतर सुरू झाली, जुन्यांचे आहेत ते उरलेल्या कांड्यांतून घेतलेले. म्हणून तर त्या तेविसांत तो नव्हता. नऊ वासरं खाल्ली गेली. कांड्या नष्ट. शेवटच्या तीन कुणी जमा केल्या तेही आहे इथे."

"माहीत आहे मला."

"त्याच्या बापाचा नमुना आहे. तो जुळेल असं मला वाटतं. माझा तुमच्यावर विश्वास आहे, सेन्सेई. पण समितीला खुद्द वळूचा नमुना लागतो. तसा नियमच आहे." तिने रजिस्टर मिटलं. "एक कांडी तरी ठेवायची होती कुणी."

"ठेवायची नाही असा हुकूम होता."

"हो. आमचाच."

वीस तारखेला समितीने वीस मिनिटांत निकाल दिला. कानेमिनेची नोंदणी रद्द. तेत्सुजीचा कबुलीजबाब मात्र ग्राह्य धरला गेला, कारण त्याला नमुना लागत नव्हता. परवाना गेला. शिवाय त्याच्या सहीचे सगळे दाखले संशयात आले आणि खोऱ्यातल्या एकेचाळीस गोठ्यांतली वासरं तपासणी होईपर्यंत लिलावातून थांबवली गेली. ज्यांच्या गाई त्याने हिमवादळात, सणासुदीला, ताप अंगावर काढून भरवल्या होत्या, ते आता रस्त्यात छत्री खाली करून जाऊ लागले. एकाने तेवढं थांबून विचारलं, "सेन्सेई, माझी गाय म्हैस तर नाही ना निघायची?" आणि स्वतःच हसला.

साएकोबाईंकडे तो बैठकीच्या दुसऱ्या दिवशी गेला. त्या अंगणात तुरट पर्सिमनची फळं सोलून वाळायला दोरीला टांगत होत्या. त्यांनी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

"ह्यांना माहीत होतं?"

"नाही. ते चहा आणायला गेले होते."

"मीच करून दिला होता तो." त्यांची सुरी चालत राहिली. "घाई करा म्हणाले. तेत्सु-सानचे हात गारठलेत म्हणाले."

त्यांनी सोललेलं फळ दोरीला टांगलं आणि दुसरं घेतलं.

"त्याच दिवशी सांगितलं असतंस, तर चार दिवस बोलले नसते ते तुझ्याशी. चार दिवस, तेत्सु-सान. मग पुढची चिठ्ठी टाकली असती." सालीची लांब पट्टी तुटून खाली पडली. "आणि सोळा वर्षांनी सांगितलंस ते कशाला? बाप अज्ञात म्हणून वळू मेला असता, तर मी नशिबाला बोल लावला असता. आता लोक म्हणतात, मिनोवांनी बनावट गाय पोसली. मेलेल्या माणसाच्या तोंडाला ती शाई तू फासलीस."

"वळू वाचेल असं वाटलं मला."

"तुझा जीव हलका होईल असं वाटलं तुला." त्यांनी पुढचं फळ उचललं. "झाला का?"

तो नाही म्हणाला. त्यांनी मान हलवली. बरं झालं, असा त्याचा अर्थ त्याने घेतला.

कानेमिनेला नोव्हेंबरात कापलं. पैदाशीचा वळू, वयस्क, त्याला कधी लठ्ठ करायचा खुराक घातलेला नाही. अशा जनावराचं मांस कडक आणि कोरडं निघतं, खिम्यालाच जातं. मांसाची प्रत पाहणाऱ्याने बरगडीपाशी छेद घेतला आणि बाकीच्यांना हाक मारली. तांबड्यावर बारीक पांढरी जाळी होती, कोवळ्या खोंडाच्या मांसात असते तशी. सगळ्यांनी फोटो काढले. वंशपत्रिका नसल्याने त्यावर प्रांताच्या नावाचा शिक्का मारला नाही. नोंदीत नावाच्या जागी आकडा पडला.

हे मिझुकीने फोनवर सांगितलं. आणखीही सांगितलं. कानेमिनेच्या अंगात एक जनुक होतं, ते प्रांतातल्या दुसऱ्या कोणत्याही वळूत नाही. सगळे मिनेरयूची नातवंडं-पतवंडं, आपसांतच भरवून भरवून रक्त पातळ झालेलं, दर वर्षी दुबळी वासरं वाढत चाललेली. तिथे हे उपयोगी पडलं असतं.

"सावाताकेकडून आलेलं," तेत्सुजी म्हणाला.

"तसं लिहिता येणार नाही मला. अज्ञात स्रोत असं लिहावं लागेल." मग ती म्हणाली, "एक काम राहिलंय, सेन्सेई. चाचणीतून उरलेल्या कानेमिनेच्या कांड्या तुमच्या कॅनमध्ये आहेत अजून."

त्या घेऊन तो सोमवारी सकाळी गेला. केंद्राच्या मागच्या अंगणात स्टीलचा ट्रे मांडला होता, स्वच्छ ऊन होतं. कारकून नवा होता, रजिस्टर तेच जुन्या पद्धतीचं. तेत्सुजी चिमट्याने एकेक कांडी काढून ट्रेमध्ये ठेवत गेला. प्रत्येकीवर बारीक अक्षरांत कानेमिने छापलेलं होतं. बाहेर आल्या आल्या त्यांच्यावर पांढरं दंव धरायचं आणि पाहता पाहता उतरून जायचं.

"चाळीस शिल्लक हव्यात," कारकून म्हणाला. "एखादी फुटली वगैरे?"

चिमटा कॅनच्या तोंडाशी थांबला. आत शेवटची एक होती.

मग तेत्सुजीने ती बाहेर काढून बाकीच्यांच्या रांगेत ठेवली.

"नाही," तो म्हणाला. "चाळीसच्या चाळीस शाबूत आहेत."

कारकुनाने तसं लिहिलं आणि सहीसाठी रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं.