तीन दिवसांची एकदाणी

आमचं वऱ्हाड अकोटहून चांदूर रेल्वेला परतलं तेव्हा माझे पाय सुजले होते. माझ्या शुभमचं लग्न लागलं होतं, आता सूनमुख तेवढं उरलं होतं. माझ्या सासूबाईंनी, माणिकबाईंनी, कपाट उघडून सोन्याच्या मण्यांची एकदाणी माझ्या हातात दिली.

"घाल पोरीच्या गयात. अन् तिसऱ्या दिवशी मांगून आण."

हे मला सांगायची गरज नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी हीच एकदाणी चारचौघींसमोर माझ्या गळ्यात पडली होती. नशीब काढलं पोरीनं, असं बायका म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी ती सांभाळायला म्हणून कपाटात गेली ती गेलीच. पुढं धाकट्या जावेच्या, प्रणालीच्या, सूनमुखाला निघाली आणि पुन्हा तिसऱ्या दिवशी आत. प्रणाली न्हाणीत रडत होती. मी दाराबाहेर उभी होते. तिथंच ठरवलं, माझ्या सुनेकडे ही एकदाणी मी परत मागणार नाही. तेव्हापासून बाकी सगळ्याचा नाद सोडला, एवढंच धरून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवी सून मोनाली चहा घेऊन आली. दुसऱ्या हातात रुमालात बांधलेली एकदाणी.

"घ्या आई. आमच्या आईनं सांगतलं होतं, मांगायच्या आंधीच देऊन देजो."

मला इतकी लाज वाटली की चहा तसाच निवला. रुमाल घेऊन मी सासूबाईंच्या खोलीत गेले. त्या कपाटाची चावी हातात घेऊनच बसल्या होत्या.

"आत्याबाई, आता हे कपाटात जानार नाही."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण त्याही थकल्याच होत्या.

"मले तं दोनच दिवस भेटली होती," त्या म्हणाल्या. "तुमाले एक दिवस जास्तीचा देल्ला मी."

त्यांचा रागही येईना. मी परत आले, एकदाणी मोनालीच्या गळ्यात घातली, फासा लावला.

"हे आता तुहीच हाय."

तिनं मण्यांवर हात ठेवला. "किती दिवस, आई?"

"कोनी मांगनार नाही आता."

ती "हो" म्हणाली. मग तो रुमाल नीट घडी करून तिनं उशीखाली ठेवला.