नावाची जागा

मी काशी, काल्हेरची धवलारीण. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं गाण्यातनं लावते ती धवलारीण, आणि त्या गाण्याला म्हणतात धवला. एके काळी माझ्याशिवाय मांडवात पान हलत नव्हतं. आता हळदीला असा डीजे लावतात की मागच्या गोदामाचे पत्रे थरथरतात, आणि मला बोलावतात ते फोटोपुरतं. जाऊ दे, बोलून काय उपयोग.

शेजारची मनाली मानकोलीला एका गोदामाच्या ऑफिसात कम्प्युटरवर बसते. ती म्हणाली, "काकी, तुमचे धवले तुमच्याबरोबर जातील. व्हिडिओ करू या."

"मला घालवायची घाई झालीय का गं तुला?" मी म्हटलं. पण बसले तिच्या मोबाइलपुढे, नऊवारी नेसून. तिनं व्हिडिओ यूट्यूबवर टाकले आणि खाली एका वेबसाइटचा पत्ता दिला. वेबसाइटवर धवल्यांचे शब्द हायत, आणि दाबलं की गाणं ऐकू येईल असं बटण.

धवले टिकावेत म्हणून मी बसले असं मनालीला वाटतं. वाटू दे. मी बसले ती माझ्या मेघालीसाठी. माझी एकुलती एक लेक. बौद्धवाड्यातल्या नरेंद्रशी तिनं कोर्टात लग्न केलं. पोरगा गुणाचा, शांत, पण तिच्या बापानं घर डोक्यावर घेतलं. दोघं सुरतेला निघून गेली. शेकडो पोरींना हळद लावली मी गाण्यातनं, आणि माझ्या पोरीच्या अंगाला बोटभर हळद लागली न्हाय. पुढं बाप गेला तेव्हा ती आली होती. भावकीनं तिला ओट्यावरनंच परत धाडलं. मी आत मयताजवळ, मला कुणी सांगितलं पण न्हाय. तेव्हापासून तिचा फोन बंद.

मनालीच्या कम्प्युटरवर कळायचं, व्हिडिओ बघून वेबसाइटवर कोण आलं ते.

"कोण म्हणजे नाव न्हाय कळत काकी. गाव कळतं. कुठलं पान उघडलं, किती वेळ थांबलं, गाण्याचा कुठला तुकडा ऐकला, ते कळतं."

"नाव न्हाय तर काय कळलं, डोंबल?"

ती हसली आणि गावं वाचायला लागली. ठाणे, पनवेल, उरण. ही सगळी दारातनं डोकावून गेलेली. मग म्हणाली, "आणि हे एक सुरत. हे फक्त हळदीच्या पानावर येतंय. बराच वेळ बसतंय."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

"काकी, सुरत केवढं मोठं हाय," मनाली हळूच म्हणाली. "आणि हे गाव कधी कधी चुकीचं पण दाखवतं."

"दाखवू दे."

त्या दिवसापासून संध्याकाळी मनाली ड्युटीवरनं आली की मी तिच्या ओट्यावर हजर. "आली का गं सुरत?" ती आलीय म्हणाली की मला घर खायला उठायचं न्हाय.

पण माणसाला हाव सुटते. धवल्यात नवरीच्या नावाची जागा असते, ज्या घरी लग्न त्या पोरीचं नाव तिथं घालायचं. व्हिडिओत मी तिथं नुसतं 'नवरी' म्हटलं होतं. मी मनालीला म्हटलं, हळदीचा धवला परत घे. आणि गायले, "ओटीवर कोण गं पिवळी झाली, मेघाली आमची पिवळी झाली." त्या पानावर माझा फोन नंबर पण टाकायला लावला.

सुरत एकदा आली. मग बंदच झाली.

फोन न्हाय, काय न्हाय. मनाली रोज मान हलवायची. मला इतका राग आला. आईनं नाव घेतलं तर पळून जायचं? घरी आले, भांडी आपटली, आणि मग चुलीपुढं बसून पोटभर रडले. तेव्हा एक गोष्ट कळली. ती माझीच पोरगी होती, दुसरी कुणी असती तर नावाला कशाला घाबरली असती? तिला ऐकायचं होतं, पण कुणाला दिसायचं नव्हतं. ओट्यावरनं हाकललेली पोर ती, मी एकदम दार उघडून हाक मारली.

"नाव काढ," मी मनालीला सांगितलं. "नंबर पण काढ. परत गाते."

यावेळी नावाची जागा आली, आणि 'नवरी' म्हणायला पण जीभ वळेना. मी थांबले. एक श्वास घेतला आणि पुढं गायले. जन्मात मी धवल्यात अशी थांबले नव्हते.

"काकी, मधे रिकामं राहिलंय. परत घ्यायचं?"

"न्हाय. तसंच टाक."

बरेच दिवस काय आलं न्हाय. मी विचारायचं सोडलं होतं. मग एका संध्याकाळी मनालीच मोबाइल घेऊन माझ्या दारात आली.

"काकी, सुरत आलीय. गाणं मागं घेऊन घेऊन ऐकलंय. तेवढाच एक तुकडा."

"कुठला गं?"

"तुम्ही थांबताय ना, तो."

त्या जागी ती आपलं नाव आपणच घालत असेल. मनाली गेली, तशी मी एकटीपुरता भात टाकला आणि धवला म्हणायला लागले. नावापाशी आले, तिला पुरेल एवढी थांबले.